राखणदार हिरवो असा

बाबांच्या वाटचे उपास आमच्या घरी पहिल्यापासून आईच करते. बाबांना मूतखडा झाला तेव्हा तिनं सोळा सोमवार धरले, खडा पडला. बाबांची स्कूटर आंबोलीच्या घाटात घसरली तेव्हा तिनं वर्षभर मीठ सोडलं, हाड जुळलं. त्या काळात बाबा काय करत होते म्हणाल, तर आईच्या उपासासाठी केलेली वऱ्याची खीर खात होते. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण इतरांसाठी. आमच्याकडे एकादशी एकीची आणि दुप्पट दुसऱ्याची, अशी सरळ वाटणी होती.

यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. सावंतवाडीत, आमच्या चितारआळीत, माणूस देवाशी स्वतः कुठे बोलतो? त्याच्या वतीनं मानकरी गाऱ्हाणं घालतो, ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या मागची इडापिडा टाळ’, आणि बाकीचे मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्याचं दुखणं तो हात जोडून गप्प उभा. देवाला ते चालतं. निदान आजवर त्यानं तक्रार केलेली नाही.

माझे बाबा, उल्हास चितारी, लाकडाची फळं रंगवायचे. पांगाऱ्याच्या लाकडाचा आंबा, काजू, रामफळ, फणसाचा गरा. पाहुण्यांनी उचलून दात लावल्याच्या गोष्टी आळीत सगळेच सांगतात, पण आमच्याकडे तसा एक चावलेला पेरू खरोखर आहे. आई म्हणायची, ‘ह्यांचीच फळां ह्यांनी खाल्ली तर बरा, साखर तरी वाढूची नाय.’ कारण बाबांना मधुमेह होता, आणि गोडाचा सोस मधुमेहाच्याही आधीपासून होता. गोळ्या ते नेमानं घेत. गोळी घेतली म्हणजे लाडवाची परवानगी मिळाली, असं त्यांचं गणित होतं.

मी, केतकी, त्यांची एकुलती एक. पुण्यात एका कंपनीत गावोगावच्या पाणीयोजनांवर नजर ठेवते. समोर मोठा स्क्रीन, त्यावर टाक्यांचे आणि वाहिन्यांचे ठिपके. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गळती. त्यामुळे डॉ. शिरसाटांनी बाबांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं तेव्हा मला ते जरा जास्तच लवकर कळलं.

“डोळ्याच्या मागे पडदा असतो,” त्या म्हणाल्या. “त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्या झिजतात. काही पाझरतात, काही बुजतात. बुजल्या की पडद्याचा तेवढा भाग उपाशी पडतो आणि एक रासायनिक निरोप धाडतो, की इथे नवी लाइन टाका.”

“मग टाकली जाते?”

“टाकली जाते, पण कच्ची. घाईघाईत फुटलेल्या नव्या वाहिन्या, जरा कशानं तुटतात. डोळ्यात रक्त उतरतं. वण धरला तर तो पडद्यालाच ओढतो. आणि हे सगळं होताना दुखत काही नाही. माणूस शेवटपर्यंत म्हणत राहतो, मला मस्त दिसतंय.”

“माका मस्तच दिसता,” बाबा म्हणाले.

“बघा,” डॉ. शिरसाट म्हणाल्या.

पूर्वी यावर ठरावीक मुदतीनं डोळ्यात सुई घ्यावी लागे. निम्मे लोक दोन सुयांनंतर दवाखान्याचा रस्ता विसरत. आता नवीन उपाय निघाला होता. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी डबी शिवतात. तिच्यात तो निरोप अडवणारं औषध असतं. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवतात. ती दिवसभर साखर मोजते आणि त्यावरून डबीचं तोंड किती उघडायचं ते ठरवते. सदा उघडं का ठेवत नाहीत, असं मी विचारलं. तर जास्त औषधही पडद्याला सोसत नाही. त्या निरोपाच्या थोड्या आधारावर त्याचा निरोगी भाग जगत असतो. म्हणून चकती आधी तुमची साखर शिकते. जेवल्यावर ती कशी चढते, किती वेळ रेंगाळते, पहाटे काय करते. एकदा तुमची चाल ओळखीची झाली की पडद्याला किती धोका आहे याचा तिचा अंदाज सहसा चुकत नाही. आणि तिचा ठिपका घरच्यांच्या फोनवर दिसतो. हिरवा नाहीतर लाल.

कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. आळीत त्याचं नाव दोन दिवसांत राखणदार पडलं. गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तो दिसत नाही, पण राखतो. त्याला त्याचा नारळ दिला की झालं.

ठिपका हिरवा असेल त्याला पडद्याचा फोटो काढायला बोलवत नसत. फोटोची फिरती गाडी भागात एकच, ती लाल ठिपकेवाल्यांकडे धावायची. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. आम्हीसुद्धा हिरव्या टाकीकडे माणूस पाठवत नाही.

---

सुरुवातीला ठिपका लालच होता. मी ऑफिसातून फोन करायची.

“बाबा, आता काय खाल्लात?”

“काय नाय गो. पेज.”

“पेजेन इतकी चढता?”

“पेजेत खोबरा होता.”

“खोबऱ्यान?”

“आणि वायंच गूळ.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चकती त्यांच्या दंडावर गुरगुरायची, माझा फोन इकडे वाजायचा, मी तिकडे ओरडायची. बाबा म्हणाले, “दंडावर सासू बसवलंस गो माज्या.” मी हसले नाही. मला भीती वाटत होती. रंगावर जगणारा माणूस आंधळा झाला तर तो करणार काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि ती भीती माझ्या तोंडातून शिस्त होऊन बाहेर पडायची. मी त्यांना डोळे गेलेल्या लोकांचे व्हिडिओ पाठवले. त्यांनी ते पाहिले, आणि फोन उचलणं सोडलं.

मग आई उचलायची. “ते फणस रंगवतत.” “ते खाली गेलेत, मोती तलावाकडे.” “ते निजलेत.” भर सकाळी दहाला निजलेत! बापलेकीचं बोलणं असं तुटलं. गणपतीला मी गेले तरी ते माझ्याशी आरतीपुरतंच बोलले. मोदकांच्या ताटाकडे मी नुसतं बघितलं, तर ताट सरकवून उठून गेले.

गणपती आटोपून मी पुण्याला आले, आणि एक दिवस ठिपका हिरवा झाला.

मला वाटलं, चकती सुटली असेल. पण नाही. दुसऱ्या दिवशी हिरवा, पुढच्या आठवड्यात हिरवा. साखरेची रेघ शांत, तळ्याच्या पाण्यासारखी. मी फोन केला, बाबांनी उचलला.

“बघलंस? सुधारलो मां तुजो बापूस?”

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या पगारवाढीनंही झाला नव्हता. त्यानंतर आम्ही पुन्हा बोलू लागलो. आळीतल्या कुत्र्यांवर, रंगांच्या डब्यांवर, कशावरही. साखरेचा विषयच निघत नसे. डॉ. शिरसाटांनी शिबिरात लोकांना सांगितलं, उल्हासरावांकडून शिका. बाबांना शाल मिळाली.

थंडीत त्यांनी मला फळांची परडी पाठवली. उघडली तर मी बघतच राहिले. लिंबं पांढुरकी, सोललेल्या बटाट्यासारखी. केळी गुलाबीकडे झुकलेली. जांभळं हिरवट काळी.

“बाबा, ह्यो काय नवीन प्रकार?”

“कसलो नवीन? जांभळां ती जांभळां.”

“हिरवी?”

“तुमच्या पुण्यातलो उजेडच तसलो,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

ऑफिसातल्या एकीला ती फार आवडली. तिच्या मते ही आधुनिक कला होती. मी परडी माझ्या स्क्रीनखाली ठेवली. पडदा बिघडू लागला की पुष्कळदा निळा आणि पिवळा हे रंग आधी फसवू लागतात, हे मला डॉ. शिरसाटांनी नंतर सांगितलं. म्हणजे हातातल्या फोनवर हिरवा ठिपका होता, आणि समोर परडीत लाल. मी फोनवरचा खरा मानला.

---

पुढच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता. मीटिंग चालू असताना माझा फोन असा किंचाळला की सगळे दचकले. ‘साखर धोकादायक पातळीला उतरत आहे. रुग्णाला ताबडतोब साखर द्या.’ मी धावत बाहेर आले.

“बाबा! साखर खावा! आताच्या आता!”

“काय म्हणालंस?”

“साखर! गूळ, लाडू, काय असात ता! खावा!”

“परत एकदा सांग.”

“बाबा, मस्करी नको!”

“मस्करी नाय गो. तुज्या तोंडान एकदा आयकूचा होता.”

डब्याचं झाकण वाजलं. तोंडात घास घेऊन ते म्हणाले, “खातंय हां. बेसनाचो लाडू. आणखी एक खाव?”

“खावा!”

मागे भांडं पडल्याचा आवाज आला. “काय पडला?”

“काय नाय. तुज्या आवशीक जरा घेरी इली. सोमवार मां तिचो.”

“तिकाय सांगा कायतरी खाऊक.”

“देतंय, देतंय. साखरेचा पाणी देतंय तिका.”

थोड्या वेळात ठिपका हिरवा झाला. मी मीटिंगला परतले आणि अभिमानानं सांगितलं की मी आत्ता चारशे किलोमीटरवरून माझ्या बाबांचा जीव वाचवला. टाळ्या वाजल्या.

दिवाळीच्या सुमाराला आईच्या फोनवर एकच विषय असे. घरात कोळष्टकं झाली होती.

“मी तीनदा झाडलंय वरसून. तरी तेंका दिसतत. कामाक बसले की डोळ्यासमोर जाळी.”

“तुका दिसतत?”

“माका नाय दिसनत. माजीच नजर अधू झाली असतली. तेंचो राखणदार हिरवो असा, तेंका दिसता ताच खरा.”

मी फोन धरून उभी होते. स्क्रीनवर लातूरकडच्या एका टाकीचा ठिपका हिरवा होता, आणि खाली त्याच गावातून तक्रारीवर तक्रार येत होती, की नळाला पाणी नाही. मी त्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं.

---

सकाळी घरी पोचले तर बाबा पडवीत कामाला बसले होते. हातात आंबा. तो डोळ्यासमोर न धरता, कानाच्या बाजूला धरून तिरकं बघत होते. माझी चाहूल लागताच तोंडभर हसले आणि माझ्या खांद्यापलीकडच्या खांबाला म्हणाले, “इलंस? वाळली गो माजी पोर!”

“बाबा, मी हय असंय.”

“दिसतंस गो. मधे जरा धूर असा, चुलीचो.”

आमच्याकडे चूल मोडून पंधरा वर्षं झाली.

डॉ. शिरसाटांनी डोळ्यात थेंब घातले, यंत्रापाशी बसवलं, आणि डोळा पाहिला. मग त्यांनी नोंद पाहिली. मग पुन्हा डोळा.

“केतकी, या नोंदीतला माणूस वर्षभर हिरवा आहे. आणि हा डोळा वर्षभर लाल असलेल्या माणसाचा आहे. डबीतलं औषध जवळजवळ तसंच आहे. उल्हासराव, चकती दाखवा बघू.”

बाबांनी बाही वर केली. दंड मोकळा. ते आईच्या दिशेनं वळले.

आई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. गेलं वर्षभर ती कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून घेत होती. मी तिला त्यावरून चिडवलंही होतं. तिनं बाही हळूच वर सरकवली. राखणदार तिथे होता.

“आई, ह्या काय?”

“तू रोज ओरडायचंस,” ती म्हणाली. आवाज शांत होता. “फोन वाजलो की हे परसात जाऊन बसायचे. धड जेवायचे नाय. तुजाय रडा, तेंचाय रडा. मगे मी म्हटलंय, तेंच्याच्यान पथ्य होवचा नाय. मी करतंय तेंच्या नावान.”

“पण चकती तुझी साखर मोजत होती!”

“पयले थोडे दिवस माका म्हायत होता, ही माजी साखर. मगे विसारलंय. ता यंत्र तेंच्याच नावान बोलायचा गो. ‘उल्हास चितारी, आपली प्रकृती उत्तम आहे.’ माका वाटला, लागू पडला. उपासाचा पुण्य नाय लागत तेंका? देवान कधी नाय म्हटल्यान नाय. ह्या यंत्रानसुद्दा म्हटल्यान नाय.”

“यंत्राला कळत नाही, आई!” मी ओरडले, आणि दवाखान्यातले सगळे वळून बघू लागले.

तिनं मान खाली घातली. तेव्हा मला दिसलं, ती किती वाळली होती. वर्षभर तिनं भात सोडला होता. गूळ, केळं, आंबा, सगळं सोडलं होतं. बाबांच्या समोर बसून, त्यांच्या पानात वाढून, स्वतः भाकरीचा चतकोर आणि पालेभाजी खाल्ली होती. श्रावणात चक्कर येऊन पडली होती ती तिची साखर, आणि मी फोनवरून लाडू भरवले ते बाबांना. तिनं पथ्य इतकं चोख पाळलं की डबीला वाटलं या डोळ्याला औषधाची गरजच नाही. चकती पळवली जाईल, पाण्यात भिजेल, बॅटरी संपेल, असल्या सगळ्या गोष्टींचा कंपनीनं विचार केला होता. नवऱ्याच्या नावानं बायको ती घालून बसेल, हे कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

“आता तेंका लावा,” आई म्हणाली. “आता लावा आणि औषध सोडा.”

चकती बाबांच्या दंडावर लावली. ती वाजली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “व्यक्ती जुळत नाही.”

आईनं ती घातली तेव्हा तिचं शिकणं अजून संपलं नव्हतं, मग वर्षभर तिनं आईलाच शिकून घेतलं. तिच्या हिशोबी उल्हास चितारी म्हणजे आई, आणि बाबा कुणीतरी तोतया. बाबांची खरी साखर तिला बिघाड वाटली, आणि बिघाडात डबीचं तोंड कमीत कमी उघडं ठेवायचं, अशी तिला सुरक्षिततेची शिकवण होती. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. जुनं शिकलेलं पुसून नव्यानं शिकवावं लागेल, म्हणाला. मी भांडले, विनवण्या केल्या. तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीमला थोडा वेळ द्या.” हेच वाक्य मी रोज सरपंचांना ऐकवते. त्याच सुरात.

डॉ. शिरसाट यंत्राची वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी जुन्या पद्धतीनं सुई दिली आणि गोव्याला शस्त्रक्रियेसाठी पाठवलं. पण कच्च्या वाहिन्या केव्हाच तुटल्या होत्या, वण धरला होता. डावा पडदा सुटून आला होता. उजव्यातलं रक्त काढलं, पडदा जमेल तेवढा बसवला. मधलं गेलं, कडा उरल्या. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

मी सगळ्यांवर चिडले होते. आईवर, बाबांवर, त्या नम्र मुलावर, न आलेल्या फोटोच्या गाडीवर, आणि माझ्या स्वतःच्या बोटांवर, ज्यांनी रोज फोन उघडून नुसता ठिपका पाहिला. चिडून करायचं काय, तेच कळत नव्हतं. चिडले नव्हते ते फक्त बाबा. कुणी समाचाराला आलं, आईकडे वाकड्या नजरेनं बघितलं, की तेवढं मात्र त्यांना कसं कोण जाणे दिसायचं. “लाडू मी खाल्लंय,” ते म्हणायचे, “मगे डोळे काय शेजाऱ्याचे जातले?”

---

बाबांना घरी आणल्यावर डॉ. शिरसाटांनी मला एकटीला बोलावलं.

“चकतीचं शिकलेलं पुसण्याआधी मी सगळी नोंद काढून पाहिली. ही साखर तुझ्या आईची, बरोबर? शेवटचे काही महिने बघ. सकाळची रेघ वर सरकत चालली आहे. हे आकडे बाबांसारख्या जुन्या मधुमेह्याला चांगले, म्हणून ठिपका हिरवा राहिला. ज्या बाईला मधुमेह नाही असं आपण समजतो, तिच्यासाठी हे हिरवे नाहीत.”

“पण ती तर काहीच खात नव्हती!”

“म्हणूनच काळजी वाटते. एवढं पथ्य पाळूनही चढते आहे. किडकिडीत माणसांनाही होतो हा आजार, आपल्याकडे तर फार. तिची रक्ततपासणी कधी झाली होती?”

मला आठवेना. माझ्या जन्माच्या वेळी झाली असेल. आमच्या घरात बाबांसाठी उपास होते, गाऱ्हाणी होती, राखणदार होता. आईसाठी काय होतं, ते मी आठवून पाहिलं. दर संक्रांतीला बाबा तिला एक लाकडी सुगड रंगवून द्यायचे, तेवढंच आठवलं.

तपासणी झाली. मधुमेह निघाला. आईला ते पटलंच नाही. “माका कसलो मधुमेव? मी गोड खाल्लंय कधी?” तिच्या दंडावर तिच्या नावाची नवी चकती लागली, तर ती म्हणाली, “तेंचीच चांगली होती. ही टोचता.”

आणि त्या दिवसापासून बाबांनी गोड सोडलं. आमचे बाबा! चहा बिनसाखरेचा, भात मोजका, डब्यांकडे वळायचंही नाव नाही. त्यांच्या दंडावरच्या चकतीनं एव्हाना त्यांना नव्यानं शिकून घेतलं होतं. ठिपका हिरवा झाला, आणि या वेळी तो त्यांचाच होता. मला हसावं की रडावं कळेना.

“बाबा, ह्या आधी केला असतात तर?”

“तेवा माज्यासाठी करूचा होता. ता जमूक नाय.” ते उंबरठ्यावर बसून हातातला एक लाकडी पेरू गोल गोल फिरवत होते, तोच, चावलेला. “आता तिच्या नावान करतंय.”

“तुमच्या पथ्यान तिची साखर उतरूची नाय, बाबा.”

“माका काय कळत नाय? ता कळूक माजे डोळे जावचे लागले.” त्यांनी पेरूवरच्या दातांच्या खुणेवरून बोट फिरवलं. “पण माज्या हातात दुसरा काय असा, तू सांग.”

मी त्यांच्या शेजारी बसले. आतून आईच्या चकतीची गुरगुर ऐकू आली आणि आईचं तिला दटावणं.

मी पुण्याला परतायच्या दिवशी शेजारच्या नाईकांकडे सत्यनारायण होता. त्यांची सून प्रसाद घेऊन आली. साजूक तुपातला, केळं घातलेला शिरा, दोन वाट्या. घरभर वास सुटला. एक वाटी बाबांच्या हातात, एक आईच्या. दोघांनी कपाळाला लावली. नाईकांची सून गेली, आणि दोघंही वाट्या धरून तसेच बसून राहिले.

“तुमी खावा,” आई म्हणाली. “तुमचो ठिपको हिरवो असा.”

“तू खा. वर्सभर भात खाऊक नाय तू.”

“माका सांगितल्यानी हा, नको म्हणान.”

“मगे माका काय खा म्हणान सांगितल्यानी हा?”

प्रसाद नाकारायचा नसतो, टाकायचा तर नसतोच. दोघांनीही तो नाकारला नाही, आणि कुणी खाल्लाही नाही. शेवटी आईनं तिची वाटी माझ्यापुढे केली. तिचं बघून नव्हे, नुसत्या अंदाजानं, बाबांनीही त्यांची केली. माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेत. ते हसून वाट बघत होते. मी सरकून त्या जागेत जाऊन बसले आणि वाटी घेतली.

दोन्ही वाट्या मी संपवल्या. आईबाबा दोघांनाही आहे, तेव्हा तूही एकदा रक्त तपासून घे, असं डॉ. शिरसाटांनी मला बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं. वेळ झाला नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

“बरो झालेलो मां?” बाबांनी विचारलं.

“व्हय. तूप मस्त होता.”

“दोघांच्याय वाटचा खाल्लंस.” ते हसले. “आता तुज्या वाटचा पथ्य कोण करतला?”

“मी असंय मां,” आई लगेच म्हणाली.

आणि बाबांनी जुन्या सवयीनं हात जोडले. “व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.